एका दाण्याचे वय

इजिप्तच्या दक्षिण भागात अस्वानजवळ वादी कुब्बानिया नावाची एक कोरडी दरी आहे. तेथे १९७८च्या सुमारास फ्रेड वेंडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराश्मयुगातल्या माणसांच्या वस्त्या उकरून काढल्या. चुलींच्या राखेत लोणारी कोळसा सापडला, दगडी हत्यारे सापडली, धान्य भरडण्याचे दगडही सापडले. आणि त्यांच्याबरोबर सापडले सातूचे काही जळके दाणे. कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढले तेव्हा ते १७ ते १८ हजार वर्षे आले.

आता गंमत पाहा. शेतीची सुरुवात पश्चिम आशियात साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी झाली, असे आपण शाळेच्या पुस्तकात शिकवतो. नाईलच्या काठी त्याच्याही सहा-सात हजार वर्षे आधी लोक सातू वापरत असतील, तर ते प्रकरणच पुन्हा लिहावे लागणार. हा शोध १९७९मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आणि साहजिकच त्याची खूप चर्चा झाली.

पण या युक्तिवादात एक दुवा कच्चा होता. वय काढले होते कोळशाचे, दाण्याचे नव्हे. दाणा कोळशाच्या शेजारी सापडला, म्हणून तो कोळशाच्याच वयाचा, असे गृहीत धरले होते. वाळवंटातली वाळू ही काही कुलूप लावलेली पेटी नाही. उंदीर-घुशी बिळे करतात, जमिनीला भेगा पडतात, वरचा दाणा खाली जातो. मग दाण्याचेच वय का काढले नाही? कारण तेव्हाच्या पद्धतीला एक ग्रॅम किंवा त्याहून जास्त कार्बन लागत असे, आणि एक जळका दाणा भरतो काही मिलिग्रॅम. सापडलेले सगळे दाणे जाळले असते तरी भागले नसते.

पाच वर्षांनी, १९८४मध्ये, याच गटाने त्याच साप्ताहिकात दुसरा लेख लिहिला. या वेळी अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातल्या एका यंत्राने एकेका दाण्याचे वय स्वतंत्रपणे मोजले होते. दाणे पाच हजार वर्षांपेक्षाही अलीकडचे निघाले! ज्यांनी दावा केला होता त्यांनीच तो स्वतःच्या सहीने मागे घेतला. पहिला शोध जितका गाजला तितका हा लेख गाजला नाही, पण आमच्या मते दोहोंत मोठे काम या दुसऱ्या लेखाचे आहे.

हे यंत्र म्हणजे त्वरक वस्तुमान-वर्णपटमापक. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपणही शास्त्रज्ञांप्रमाणे त्याला 'एएमएस' म्हणू या. एक दाणा त्याला कसा पुरतो, हे समजून घेण्यासाठी आधी जुनी पद्धत काय करत होती ते पाहू.

वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांच्या माऱ्याने न्यूट्रॉन सुटे होतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणुकेंद्रकावर आदळला की कार्बन-१४ तयार होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो वनस्पती घेतात, वनस्पती आपण खातो. वनस्पती मेली की हा पुरवठा थांबतो आणि शरीरातला कार्बन-१४ फुटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९६०चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतके बहुतेक शिक्षकांना माहीत असते.

पण कार्बन-१४ किती थोडा असतो, याची कल्पना सहसा नसते. जिवंत झाडातल्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे तो एखादाच असतो. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये. ज्वारीचे हजार दाणे सुमारे ३० ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने एक लाख कोटी दाण्यांचे वजन झाले ३० हजार टन, म्हणजे दहा टनी तीन हजार ट्रक. तीन हजार ट्रक ज्वारीत बाजरीचा एक दाणा मिसळला आहे आणि तो शोधायचा आहे, असे समजा.

लिबी यांची पद्धत हा दाणा शोधत नव्हती. तो फुटण्याची वाट पाहत होती. कार्बन-१४चा अणू फुटताना एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. तो गणित्रात टिपायचा आणि मोजायचा. वर्गात आम्ही याला दाखल्याचा दाखला देतो. शाळेत मुले किती आहेत हे ठरवण्यासाठी वर्गात न जाता फाटकापाशी बसायचे आणि महिन्यात किती मुले शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जातात ते मोजायचे. दर ठाऊक असेल तर पटसंख्या काढता येते, हे खरे. पण शाळा सोडणारी मुले फारच थोडी असतील तर फाटकापाशी किती काळ बसावे लागेल?

हिशेब करून पाहू या. आजच्या एक ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-१४चे सुमारे ६ हजार कोटी अणू असतात. त्यांपैकी एका मिनिटात फुटतात फक्त १४. बाकीचे सगळे तेथेच असतात, पण ते आपल्याला दिसत नाहीत. यादृच्छिक घटना मोजताना संख्येच्या वर्गमुळाइतकी चूक अपेक्षित असते, हे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सांगता येईल. १०,००० स्फोट मोजले तर चूक १००ची, म्हणजे एक टक्का. वयात ती सुमारे ८० वर्षे होते. मिनिटाला १४ या दराने १०,००० मोजायला १२ तास लागतात. हे झाले एका ग्रॅमचे. नमुना एक मिलिग्रॅमच असेल तर त्याच्या हजारपट वेळ, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. आणि तो मिलिग्रॅम ४० हजार वर्षांपूर्वीचा असेल तर त्यात कार्बन-१४ उरला आहे सव्वाशेवा हिस्सा. तेव्हा वाट पाहायची पावणेदोनशे वर्षे!

अणू फुटण्याची वाट पाहण्यापेक्षा जे अणू आहेत तेच का मोजू नयेत, हा प्रश्न आता कोणत्याही हुशार विद्यार्थ्याला पडेल. शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. अणूंना वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणारे यंत्र, म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच उपलब्ध होते. त्याचे तत्त्व सोपे आहे. अणूला विद्युतभार द्यायचा, म्हणजे त्याचा आयन करायचा, त्याला वेग द्यायचा आणि चुंबकीय क्षेत्रातून न्यायचे. हलका आयन जास्त वळतो, जड कमी वळतो. वळणावर सायकल आणि मालाने भरलेला ट्रक यांची जी गत होते, तीच येथे.

मग कार्बन-१४ या यंत्रात का सापडेना? कारण तेथे तोतयांची गर्दी होती.

पहिला तोतया नायट्रोजन-१४. कार्बन-१४ फुटला की नायट्रोजन-१४च होतो. दोघांच्या वस्तुमानात फरक आहे तो सुमारे ८४ हजारांत एक इतका. साध्या चुंबकाला तो कळत नाही. शिवाय हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन. यंत्रातली हवा कितीही उपसून काढली तरी त्याचे उरलेसुरले अणू कार्बन-१४च्या कितीतरी पट जास्त.

दुसरा तोतया रेणूंचा. साध्या कार्बन-१२ला हायड्रोजनचे दोन अणू चिकटले की वस्तुमान झाले १४. कार्बन-१३ला एक हायड्रोजन चिकटला तरी १४. हा फरक तुलनेने मोठा आहे, अनुक्रमे सुमारे अकराशेत एक आणि साडेसतराशेत एक. पण लाख कोटींत एक अणू शोधताना शेजारच्या ढिगाऱ्याची नुसती धूळही पुरते.

यातून मार्ग निघाला तो १९७७ साली, आणि तो वस्तुमान मोजणाऱ्यांनी काढला नाही. अणुकेंद्रकांचा अभ्यास करण्यासाठी मोठमोठे त्वरक चालवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी काढला. त्या वर्षी रिचर्ड मुलर यांनी सायक्लोट्रॉन वापरून अणू मोजता येतील असे दाखवले. लुई अल्वारेझ आणि रॉबर्ट कॉर्नोग यांनी १९३९मध्ये सायक्लोट्रॉननेच हीलियम-३ हा विरळा समस्थानिक निसर्गात आहे हे शोधले होते, त्या जुन्या कल्पनेला ही नवी पालवी होती. पण कार्बनच्या बाबतीत सायक्लोट्रॉनला नायट्रोजन नडत होता. त्याच वर्षी अमेरिकेत रॉचेस्टर येथे आणि कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात दोन गटांनी वेगळ्या प्रकारचा त्वरक वापरून कार्बन-१४ स्वच्छ मोजून दाखवला. दोघांचे लेख 'सायन्स'च्या एकाच अंकात आले. रॉचेस्टरच्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी आपली किल्ली सांगून टाकली होती : ऋण आयन.

ही किल्ली रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विशेष आवडेल. कार्बनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन दिला तर तो त्याला धरून ठेवतो. नायट्रोजन धरत नाही. त्याच्या बाहेरच्या कवचातली पी उपकक्षा नेमकी अर्धी भरलेली असते. ती रचना स्थिर असते, तेथे आणखी एका इलेक्ट्रॉनची सोय नसते. म्हणून नायट्रोजनचा टिकाऊ ऋण आयन बनतच नाही. तेव्हा यंत्रात धन आयन न सोडता ऋण आयन सोडले की पहिला तोतया दारातच गळाला! अकरावीच्या पुस्तकातला इलेक्ट्रॉन-विन्यासाचा तक्ता एरवी मुले पाठ करून विसरतात. येथे त्याच्या एका ओळीवर एक सबंध तंत्र उभे आहे.

आता आपला दाणा यंत्रातून कसा जातो ते पाहू. आधी त्याचा फोटो काढतात, मोजमापे घेतात, जात ओळखतात, कारण पुढे तो उरणार नाही. मग आम्ल, अल्कली आणि पुन्हा आम्ल असे धुणे होते. मातीतले चुनखडीचे कण आणि कुजक्या पानांचा अंश त्यात निघून जातो. उरलेला भाग जाळून कार्बन डायऑक्साइड करतात आणि लोखंडाच्या भुकटीवर हायड्रोजनबरोबर तापवून त्याचे ग्रॅफाइट बनवतात. हे ग्रॅफाइट असते एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. ते धातूच्या एका छोट्या बोंडीत दाबून बसवतात.

त्यावर सिझियमच्या आयनांचा मारा करतात. सिझियम इलेक्ट्रॉन देण्यात मोठा उदार आहे, त्यामुळे ग्रॅफाइटमधून उडालेल्या कार्बनपैकी बरेच अणू ऋण आयन होऊन बाहेर पडतात. पहिला चुंबक त्यांतले वस्तुमान १४चे तेवढे पुढे पाठवतो. या झोतात आता नायट्रोजन नाही. पण रेणूंचे तोतये अजून आहेत.

यानंतर येतो त्वरक. एक लांब नळी आहे, आत निर्वात, आणि तिच्या मधोमध समजा २५ लाख व्होल्टचा धन विभव ठेवला आहे. ऋण आयन त्याच्याकडे खेचले जातात आणि वेगाने मध्यापर्यंत पोहोचतात. तेथे त्यांच्या वाटेत थोडासा विरळ वायू ठेवलेला असतो. त्यातून जाताना आयनांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात. कार्बनचा एक जादा इलेक्ट्रॉन तर जातोच, पण स्वतःचेही तीन जातात. ऋण आयन धन झाला. आता तोच धन विभव त्याला मागून ढकलतो. येताना ओढ आणि जाताना ढकल, असा एकाच विभवाचा दोनदा फायदा होतो. हिशेब सोपा आहे. येताना २५ लाख, जाताना तिप्पट भारामुळे ७५ लाख, एकूण एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. हा आयन सेकंदाला अकरा-बारा हजार किलोमीटर वेगाने धावत असतो.

वेग हा येथला मुख्य लाभ नव्हे. मुख्य लाभ मधल्या त्या खरवडण्यात आहे. रेणू हा इलेक्ट्रॉनांनी बांधलेला असतो. तीन-चार इलेक्ट्रॉन काढून घेतले की बांधणारेच उरत नाही, धन भार एकमेकांना दूर लोटतात आणि रेणू फुटतो. त्याचे तुकडे वस्तुमान १२, १३ किंवा १चे, आणि पुढचा चुंबक त्यांना बाजूला टाकतो. दुसरा तोतयाही संपला. अलीकडे असे दिसून आले आहे की वायू थोडा दाट ठेवला तर एक-दोन इलेक्ट्रॉन काढूनही धडकांनीच रेणू मोडतात. त्यामुळे कार्बनसाठी आता दोन लाख व्होल्टचीही यंत्रे बनतात. पूर्वी एक सभागृह भरून टाकणारे यंत्र आता एका मोठ्या खोलीत मावते.

शेवटी आयन एका वायू भरलेल्या शोधकात शिरतात. प्रत्येक आयन आपली ऊर्जा वायूत सोडतो, आणि ती किती आणि कोणत्या दराने सोडली यावरून तो कोण हे पुन्हा एकदा पडताळले जाते. कार्बन-१४ असा एक-एक मोजतात. कार्बन-१२ आणि १३ इतके जास्त असतात की त्यांना मोजणे शक्यच नाही. त्यांचा विद्युतप्रवाह मोजतात. दोहोंचे गुणोत्तर काढले की काम झाले. आजच्या कार्बनचा नमुना असेल तर चांगल्या यंत्रात सेकंदाला शंभराच्या आसपास कार्बन-१४ मोजले जातात. म्हणजे दहा हजार मोजायला काही मिनिटे. मघाशी हेच काम करायला एका मिलिग्रॅमला दीड वर्ष लागत होते.

लहान नमुना चालतो, याचा एक परिणाम असा झाला की मौल्यवान वस्तूंना हात लावण्याची परवानगी मिळू लागली. इटलीतील तुरिन येथील कफन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९८८मध्ये त्याच्या कापडाच्या एका कोपऱ्याचे लहान तुकडे ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिक येथील तीन प्रयोगशाळांना दिले गेले. प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ५० मिलिग्रॅम आले. तिघींची उत्तरे जुळली : इ. स. १२६० ते १३९०. जुन्या पद्धतीसाठी हातरुमालाएवढे कापड जाळावे लागले असते, आणि ते कोणीही दिले नसते.

मग या पद्धतीने कितीही जुने वय काढता येते का? सुरुवातीला तशी आशा होती. लाख वर्षांपर्यंत जाता येईल असे काहींना वाटत होते. ते झाले नाही, आणि त्याचे कारण यंत्रात नाही, नमुन्यात आहे. दगडी कोळसा घ्या. तो कोट्यवधी वर्षांचा, त्यात कार्बन-१४ अजिबात नाही. त्यात आजचा कार्बन फक्त एक टक्का मिसळला, बोटाच्या घामातून म्हणा किंवा मातीतल्या मुळांतून म्हणा, तर यंत्र त्याचे वय सांगेल ३८ हजार वर्षे. यंत्र खोटे बोलत नाही. जे समोर ठेवले ते ते मोजते. म्हणून ५० हजार वर्षांच्या आसपास या पद्धतीची हद्द संपते. एएमएसची कीर्ती त्वरकाला मिळते, पण ज्यांनी या प्रयोगशाळांत काम केले आहे ते सांगतील की खरा घाम धुण्याच्या खोलीत गळतो.

आणखी एक सूचना शिक्षकांसाठी. 'कार्बन-१४ वर्षे' आणि पंचांगातली वर्षे एकच नव्हेत. वातावरणातले कार्बन-१४चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी आणि इतर नोंदींशी ताडून वय दुरुस्त करावे लागते. त्याचे आंतरराष्ट्रीय कोष्टक २०२०मध्ये नव्याने सुधारले, ते सुमारे ५५ हजार वर्षांपर्यंत जाते. वर्तमानपत्रात प्राचीन वस्तूचे वय वाचाल तेव्हा ते दुरुस्त केलेले आहे का, हे विचारायला विद्यार्थ्यांना शिकवावे.

५० हजार वर्षांच्या पलीकडे जायचे तर दुसरा समस्थानिक हवा, आणि येथे आपली मुंबई येते. १९५०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे पाणी गोळा करून त्यात विश्वकिरणांनी तयार झालेले बेरिलियमचे समस्थानिक शोधले. मुंबईत पावसाच्या पाण्याला तोटा नाही! त्यांतल्या बेरिलियम-१०चे अर्धायुष्य सुमारे १३ लाख ९० हजार वर्षे आहे. तो फुटण्याची वाट पाहणे किती व्यर्थ, ते पाहा : दहा लाख अणू जवळ असतील तर त्यांतला एक फुटायला सरासरी दोन वर्षे लागतात. आणि एक ग्रॅम गारगोटीत दहा लाख अणू असले तर ते भाग्यच. १९७७नंतर एएमएस आले आणि असे समस्थानिक खऱ्या अर्थाने हाताशी आले.

बेरिलियमचा तोतया आहे बोरॉन-१०, आणि तो दारात गळत नाही. बेरिलियम ऑक्साइडचा ऋण आयन करून पाठवावा लागतो, पण बोरॉन ऑक्साइडही तसाच आत शिरतो. तेथे वेगाचा उपयोग होतो. बोरॉनच्या केंद्रकात एक प्रोटॉन जास्त, म्हणून तो वायूत लवकर थकून थांबतो आणि बेरिलियम थोडे पुढे जाते. मध्ये योग्य जाडीचा पडदा ठेवला की झाले. क्लोरिन-३६ आणि गंधक-३६ या जोडीला वेगळे करायला तर आणखी जास्त ऊर्जा लागते. मुंबईत कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात १ कोटी ४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. तो मुळात अणुकेंद्रकांच्या अभ्यासासाठी बसवला, पण क्लोरिन-३६ मोजण्याचे कामही त्यावर झाले आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात बेरिलियम मोजतात आणि कार्बनसाठी २०१५पासून वेगळे लहान यंत्र आहे. भुवनेश्वरची भौतिकी संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा येथेही एएमएस आहे. एकेकाळी कार्बन-१४च्या एएमएस मोजणीसाठी भारतातले नमुने परदेशी पाठवून महिनोन्‌महिने थांबावे लागे, ती अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे.

बेरिलियम-१० आणि त्याचा सोबती ॲल्युमिनियम-२६ हे दोघे दगडातही तयार होतात. उघड्यावर पडलेल्या गारगोटीवर विश्वकिरण पडत राहतात आणि आत हे अणू साठत जातात, बेरिलियमच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमचे सुमारे सात. दगड खोल पुरला गेला की साठणे थांबते. मग फक्त फुटणे उरते. ॲल्युमिनियमचे अर्धायुष्य सुमारे सात लाख वर्षे, बेरिलियमच्या निम्मे, म्हणून ते वेगाने घटते. सातास एक हे गुणोत्तर किती खाली आले यावरून दगड किती काळ पुरलेला आहे हे कळते. कार्बनचा येथे काही संबंध नाही. दाणा, हाड, कोळसा, काहीच नको.

चेन्नईच्या वायव्येला अत्तिरंपक्कम नावाचे गाव आहे. तेथे १८६३मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. त्या फार जुन्या आहेत हे दिसत होते, पण किती जुन्या हे सांगण्याचा मार्ग नव्हता. शांती पप्पू यांच्या गटाने तेथे पुन्हा काळजीपूर्वक उत्खनन केले आणि गारगोटीच्या त्या हत्यारांतलेच बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ मोजून घेतले. २०११मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले : सरासरी १५ लाख वर्षे, आणि कमीत कमी १० लाख ७० हजार. भारतात अशी हत्यारे घडवणारे मानव पाच-सहा लाख वर्षांपूर्वी आले असावेत, असे पूर्वी बहुतेक अभ्यासक मानत.

शाळेतल्या व्याख्यानांत आम्ही वादी कुब्बानियाची गोष्ट सांगतो तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, दाणा जाळलात, मग पुरावा उरला कुठे?" प्रश्न रास्त आहे. फोटो उरतो, मोजमापे उरतात, ग्रॅफाइट थोडे उरले तर तेही जपून ठेवतात. पण तो दाणा उरत नाही. म्हणून चांगला उत्खननकार सगळे दाणे एकदम पाठवत नाही. निम्मे तरी डबीत ठेवतो. एक मिलिग्रॅमऐवजी शतांश मिलिग्रॅमवर भागवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते नेहमीच्या कामात उतरले की आज डबीत ठेवलेल्या दाण्याचा एक कण पुरेल.